पार्किंगच्या जाळीतून गटाराचं पाणी उलटं येतंय? बॅकफ्लो व्हॉल्व्ह बसवून दोन पावसाळे झाले, आमचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण भर पावसात हे शोधत येणाऱ्याला लांबलचक वाचायला वेळ नसतो. ११० एमएमचा पीव्हीसी बॅकफ्लो व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, उलटं येऊ न देणारी झडप, दुकानात काही जण नुसतं नॉन रिटर्न म्हणतात, तो आम्ही गॅरेजच्या ड्रेन लाईनवर २०२४ च्या मे महिन्यात बसवला. दोन पावसाळे गेले, गटाराचं पाणी आत आलेलं नाही, एकदाच अर्धी बादली आलं, ते का आलं ते खाली लिहिते. पाचपैकी चार देईन. पण तुमच्या गच्चीचं पाणी कुठल्या पाईपने कुठे जातं हे नीट बघितल्याशिवाय हा व्हॉल्व्ह घेऊ नका, नाहीतर गटाराचं पाणी थांबेल आणि तुमचंच पाणी तुमच्या घरात भरेल. हे आम्हाला कोणी दुकानदाराने सांगितलं नाही, बॉक्सवरही लिहिलेलं नव्हतं, म्हणून एवढं सगळं टाईप करतेय.

आमचं डोंबिवलीत रो-हाऊस आहे, जुनं, खाली गॅरेज आणि मागे स्टोअरसारखी जागा, वर आम्ही राहतो. गॅरेजच्या मधोमध जाळी, खाली नहाणी ट्रॅप, तिथून ४ इंची पाईप गेटजवळच्या चेंबरमध्ये आणि चेंबरमधून रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात. वीस-बावीस वर्षं काही त्रास नव्हता. मग समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला, उंच झाला, त्याबरोबर गटारही वर आलं, आणि त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या पावसात जाळीतून बुडबुडे यायला लागले. आधी वाटलं ट्रॅप तुंबला असेल. दहा मिनिटांत घोट्याएवढं काळं पाणी, त्यात झुरळं, प्लास्टिक, आणि वास असा की दोन दिवस जेवण जाईना.

त्या पाण्यात आमच्या गणपतीचं मखर भिजलं. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, रिटायर झाल्यावर स्वतः सागवानात केलेलं, सुट्टं करून चादरीत गुंडाळून स्टोअरमध्ये ठेवलेलं. खालचा पाट आणि दोन खांब फुगले. बाबा काही बोलले नाहीत, नुसते पुसत बसले होते. गटाराचं पाणी लागलेल्या पाटावर गणपती कसा बसवायचा, त्या वर्षी आम्ही टेबलावरच बसवला. हे लिहिण्याचं कारण एवढंच की लोक म्हणतात गॅरेजच तर आहे, धुऊन टाका, पण प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये असं काहीतरी ठेवलेलं असतंच.

पहिल्या दोन पावसाळ्यात आम्ही जे केलं त्यातलं बरंचसं वाया गेलं. ॲपवरून एक सर्व्हिस बोलावली, नाव लिहीत नाही, त्यांनी जेटिंग मशीन, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारणारं मशीन, लावून लाईन मोकळी केली, १,८०० रुपये घेतले, पुढच्या पावसात परत पाणी. परत बोलावलं, परत जेटिंग, परत १,८००. तिसऱ्या वेळी मी विचारलं की दादा लाईन तुंबलेली असती तर बाकीच्या दिवशी गाडी धुतल्यावर पाणी जातं कसं, झटकन जातं की. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं म्हणजे तिथेच सगळं कोडं सुटतं. कोरड्या दिवशी बादली ओता. पाणी हळूहळू जात असेल तर तुमची लाईन तुंबलीय, ती साफ करा. झटकन जात असेल आणि फक्त मोठ्या पावसातच उलटं येत असेल तर लाईन चांगलीच आहे, उलट तुमची लाईन जितकी साफ तितकं ते पाणी जोरात आत येणार.

नहाणी ट्रॅप असताना पाणी उलटं कसं येतं हा प्रश्न मलाही पडला होता. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी साठून राहतं ते फक्त वास आणि किडे अडवण्यासाठी, मागून ढकलत येणारं पाणी ते अडवूच शकत नाही. उन्हाळ्यात वापर नसेल तर ते दोन इंचही वाळून जातं आणि वास यायला लागतो, तेव्हा दर आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायचं, बास.

खरं कारण दाखवलं ते आमच्या प्लंबर काकांनी. ओळखीतून मिळाले, साठीच्या पुढचे, शिक्षण किती माहीत नाही पण डोकं जबरदस्त. आले ते कुठलंही मशीन न आणता, गवंडी लोकांकडे असतो तो पारदर्शक लेव्हल पाईप घेऊन. पाईपमध्ये पाणी भरलं, एक टोक जाळीपाशी माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन स्वतः गटारापाशी जाऊन उभे राहिले. गटाराचा काठ आमच्या जाळीपेक्षा ७ इंच वर निघाला. म्हणाले, "ताई, या पाईपात दोन्हीकडे पाणी सारखं उभं राहतं ना, तसंच तुमच्या ड्रेनच्या पाईपात. गटार काठोकाठ भरलं की तुमच्याकडे सात इंच येणारच, लाईन कितीही साफ करा." पाच मिनिटांचं काम. जेटिंगच्या साडेतीन हजारात जे कळलं नाही ते त्या लेव्हल पाईपने कळलं.

गटार भरतं यात दर वेळी कोणाचा दोष असतोच असं नाही. मुंबईतल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेल्या होत्या, २००५ च्या २६ जुलैनंतर ५० मिमीचा हिशेब धरला जाऊ लागला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. आमच्या इकडचे नाले शेवटी खाडीला मिळतात, म्हणजे जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी पुढे सरकतच नाही, मागे मागे चढत येतं. त्यामुळे पावसाळ्यात आमच्या घरात भरतीच्या वेळा फ्रिजवर चिकटवलेल्या असतात.

व्हॉल्व्ह यायच्या आधी काकांनी एक तात्पुरता उपाय करून दिला होता, तो ज्यांना आत्ता लगेच काहीतरी करायचंय त्यांच्यासाठी सांगते. जाळी काढायची आणि ट्रॅपच्या तोंडात रबरी रिंग लावून दोन फुटांचा पाईपचा तुकडा घट्ट उभा बसवायचा. गटार चढलं की पाणी त्या उभ्या पाईपात सात इंच चढतं आणि तिथेच थांबतं, जमिनीवर येत नाही. जेमतेम दीडशे रुपये खर्च. जाळीवर पोतं टाकून दगड ठेवण्यापेक्षा शंभर पटीने बरं, कारण दगड कितीही जड असला तरी कडेने पाणी झिरपतच राहतं. पेचाने फुगणारा रबरी टेस्ट प्लगही मिळतो, तोही चालतो, फूटभर पाण्याचा ४ इंची पाईपात दाब म्हणजे अडीच किलोच्या आसपास, प्लग नीट आवळला तर सहज टिकतो. दोन्हीचा तोटा एकच, पाईप उभा असेपर्यंत किंवा प्लग लावलेला असेपर्यंत गॅरेजमधलं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही, आणि रात्री दोन वाजता उठून लावायला कोणीतरी घरात पाहिजे. गावाला गेलो असताना पाऊस आला तर काय.

आता व्हॉल्व्हकडे येते. आत एक झडप असते, फ्लॅप म्हणतात, वरून बिजागरीला टांगलेली. तुमच्याकडचं पाणी बाहेर जाताना ती ढकलून उघडते, बाहेरून पाणी यायला लागलं की तेच पाणी तिला दाबून बंद करतं. वीज नाही, मोटर नाही. वर झाकण असतं, ते उघडून साफ करता येतं, आणि आमच्या मॉडेलला वरून एक खटका आहे ज्याने झडप हाताने बंद ठेवता येते, गावाला जाताना तो खाली दाबून जातो. अशा व्हॉल्व्हसाठी ईएन १३५६४ हे युरोपातलं मानक आहे, त्यात टाईप असतात, टाईप २ म्हणजे आपोआप बंद होणाऱ्या दोन झडपा आणि शिवाय हाताने बंद करायची सोय. आमचा एकाच झडपेचा आहे. आज परत घ्यायचा झाला तर थोडे पैसे जास्त घालून दोन झडपांचा घेईन.

घेताना आमची एक चूक झाली ती तुम्ही करू नका. ऑनलाईन ४ इंची म्हणून मागवला, आला तो पाईपला बसेचना. आपल्याकडे ड्रेनेजचा एसडब्ल्यूआर पाईप बाहेरून ११० मिमी असतो, आणि दुसऱ्या जातीचा जो ४ इंची पाईप येतो तो बाहेरून ११४.३ मिमी. बाजारात दोघांनाही ४ इंचीच म्हणतात. चार मिलिमीटरचा फरक एम-सीलने भरून काढू असं सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. परत करायला अकरा दिवस गेले, नंतर कल्याणच्या दुकानात पाईपचा तुकडा सोबत नेला, तिथेच बसवून बघितला आणि मग पैसे दिले. ३,४०० ला पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तीन कंपन्यांचे उघडून बघितले, आतून जवळपास सारखेच होते. बघायचं काय तर झडपेची कड रबराची आहे का, झाकणाचे स्क्रू स्टेनलेसचे आहेत का आणि ओ-रिंग, म्हणजे झाकणाखालची गोल रबरी रिंग, सुटी मिळते का. आमचे स्क्रू साधे निघाले, एका पावसाळ्यात गंजले, बदलावे लागले. तिथे अर्धा मार्क कापला.

आता गच्चीच्या पाण्याचं. व्हॉल्व्ह कुठे बसवायचा ते ठरवताना काकांनी विचारलं, "गच्चीचा डाऊनटेक कुठे जातो?" डाऊनटेक म्हणजे गच्चीचं पाणी खाली आणणारा पाईप, तो कुठे जातो ते घरात कोणालाच नक्की माहीत नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं तसं केलं, होळीचा उरलेला गुलाबी रंग बादलीत कालवून गच्चीवरच्या आऊटलेटमध्ये ओतला आणि खाली चेंबर उघडून बसलो. रंग चेंबरमध्ये आलाच, पण कुठून, तर गॅरेजच्याच लाईनमधून! म्हणजे गच्चीचा पाईप जमिनीखालून गॅरेजच्या पाईपला जोडलेला होता. आम्ही गेटजवळ, म्हणजे दोन्ही पाईप एकत्र झाल्यानंतर, व्हॉल्व्ह बसवला असता तर काय झालं असतं बघा. पाऊस जोरात, गटार भरलं, झडप बंद. गच्ची आमची साधारण ७०० चौरस फूट. तासाला ५० मिमी पाऊस धरला तर तासाभरात सव्वातीन हजार लिटर पाणी, हजार लिटरच्या तीन टाक्यांहून जास्त, आणि त्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणजे ते जाळीतूनच वर येणार. आमचं गॅरेज दहा बाय अठरा, त्यात हे पाणी तासाभरात सात इंचांच्या वर चढतं. म्हणजे गटाराच्या सात इंचांपासून वाचायला पैसे घालायचे आणि स्वतःच्या गच्चीचे सात इंच घरात घ्यायचे. पाणी स्वच्छ असेल एवढाच फरक.

म्हणून आधी डाऊनटेक वेगळा केला. बाहेरच्या भिंतीने उघड्यावरून नवीन पाईप आणला आणि सरळ रस्त्याकडेच्या गटाराच्या काठावर सोडला. गच्ची उंच असल्यामुळे गटार भरलेलं असलं तरी ते पाणी जातंच. दिसायला फार सुंदर नाही, चालेल. नियम साधा आहे, जे रस्त्यापेक्षा खाली आहे तेवढंच व्हॉल्व्हच्या मागे ठेवायचं, वरच्या मजल्याची कुठलीही लाईन त्यातून जाता कामा नये. वॉशिंग मशीन गॅरेजमध्ये असेल आणि तिचं पाणी त्याच जाळीत जात असेल तर जोराचा पाऊस चालू असताना मशीन लावू नका, त्याच कारणाने. आणि रंगाचा प्रयोग करताना दुसरंही एक बघा, रंग सांडपाण्याच्या चेंबरमध्ये तर येत नाही ना. आमच्या ओळखीत एकांकडे तसा निघाला, पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये, म्हणजे उलटं आलं की संडासाचं पाणी येणार.

बसवायला दीड दिवस लागला. कोबा फोडला, पाईप कापला, खाली विटांचा आणि सिमेंटचा बेड करून व्हॉल्व्ह लेव्हलमध्ये बसवला, बाणाची दिशा गटाराकडे, हे तीनदा तपासून घ्या, कारण उलटा बसला तर स्वतःचं पाणी अडेल आणि गटाराचं आत येईल. पाईपला ढाळ आधीच चांगला होता म्हणून वाचलो, ढाळ नसेल तर झडपेपाशी कचरा साठतो. वरून लादी लावून गुळगुळीत करून देतो असं गवंडी म्हणत होता, मी अजिबात ऐकलं नाही. झाकणापर्यंत हात पोचला नाही तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. वर उचलता येणारं लोखंडी चेकर्ड झाकण केलं, गाडी त्यावरून जाते. काकांची मजुरी, गवंडी, डाऊनटेकचा पाईप आणि व्हॉल्व्ह मिळून १४,२०० झाले. काकांच्या कामाला पाचपैकी पाच, सांगितलेल्या दिवशी आले, राडारोडा स्वतः भरून नेला, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर न बोलावता येऊन बघून गेले.

तो पहिला मोठा पाऊस जुलैमध्ये रात्री झाला. आम्ही तिघंही टॉर्च घेऊन जिन्यात उभे. गेटबाहेर गटार काठाला लागलेलं, चेंबरचं झाकण हलत होतं, आणि जाळी कोरडी. बाबा खाली बसून जाळीवर हात ठेवून बघत होते. पहाटेपर्यंत जाळीभोवती तळहाताएवढा ओला डाग आला, बास.

अर्धी बादली आली ती सप्टेंबरमध्ये. झाकण उघडलं तर झडपेच्या कडेत बदामाचं पान आणि गुटख्याची पुडी अडकलेली, झडप पूर्ण मिटत नव्हती. ही पुडी आमच्याच बाजूने, गॅरेजमधूनच गेलेली. चूक व्हॉल्व्हची नाही, मी जुलैनंतर तो उघडलाच नव्हता. तेव्हापासून जाळीखाली बारीक स्टीलची जाळी टाकली आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून, हातमोजे घालून, झडप आणि तिची कड पुसते. दहा मिनिटं लागतात. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं, गाडीचं साधं ग्रीस नाही, त्याने काही रबर फुगतं. ज्यांना ही दहा मिनिटं काढणं जमणार नाही त्यांनी हा व्हॉल्व्ह घेऊ नये असं मी स्पष्टच सांगेन, कारण साफ न केलेली झडप नेमकी मोठ्या पावसात दगा देते. आणि चेंबर खोल असेल तर त्यात कोणा माणसाला उतरवू नका, कितीही घाईत असलात तरी. आत विषारी वायू असतो, माणसं मेलीत, आणि गटारात, सेप्टिक टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आमचा चेंबर दोन फुटांचा, वरूनच साफ होतो.

हा व्हॉल्व्ह कुठे उपयोगाचा नाही तेही सांगते. रस्त्यावरचं पाणी गेटवरून आत येत असेल तर त्याला व्हॉल्व्ह काय करणार, तिथे गेटला उंबरा किंवा फळी लागते. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदी चढली तेव्हा बदलापूर, वांगणीकडे जे झालं, त्यात जाळीतून येणाऱ्या पाण्याचा प्रश्नच नव्हता, पाणी चारही बाजूंनी होतं. सोसायटीचं तळघरातलं पार्किंग असेल, जिथे रॅम्पवरूनच पावसाचं पाणी उतरतं, तिथे नुसता व्हॉल्व्ह पुरणार नाही, खड्डा करून फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा, सबमर्सिबल पंप लागेल, आणि लाईट गेली तर काय याचाही विचार आधीच करावा लागेल.

अजून एक. गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करत असाल तर सॉकेट चार फुटांवर घ्या आणि त्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, लावा. पाणी आलेलं असेल तर आधी मेन बंद, मग पाण्यात पाय. आणि पायाला जखम असेल तर त्या पाण्यात जाऊच नका, उंदरांमुळे लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते, गेलातच तर साबणाने धुऊन डॉक्टरला दाखवा. पहिल्या वर्षी बाबा अनवाणी उतरले होते पाण्यात, मखर काढायला, तेव्हा पुढचे दहा दिवस रोज त्यांचा ताप बघत होते मी.

काम करायचं तर एप्रिल-मेमध्येच करा. पावसात पाईप ओला असतो, पाईप चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंट ओल्यावर धरत नाही, आणि जुलैमध्ये चांगला प्लंबर मिळणं कठीण. मखराचे दोन खांब आणि पाट बाबांनी गेल्या वर्षी नव्याने केले. मखर परत स्टोअरमध्ये आहे, फक्त त्याच्या खाली बाबांनी दोन-दोन विटा ठेवल्यात. व्हॉल्व्ह आहे आता, पण त्या विटा राहू दे म्हटलं.